वाल्मीककाकांचं तोंड दिसत नाही

वेबकॅमेरा ज्याने शोधून काढला त्याला एकदा पंचवटीत आणून आमच्या वाल्मीककाकांसमोर बसवावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. एकच रविवार बसवा. माझे असे किती रविवार गेले ते मोजायचं मी सोडून दिलं आहे.

मी हर्षल. एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळतो. एवढाच काय तो माझा गुन्हा. पण तेवढ्यावर बिल्डिंगीतल्या प्रत्येक बंद पडलेल्या वस्तूचं खापर माझ्या डोक्यावर फुटतं. कुणाचा टीव्ही, कुणाचा गिझर, एकदा तर शिलाई मशीन. "तू त्यातलाच ना!" म्हणतात आणि हातात पक्कड देतात. वाल्मीककाका बरोबर माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना माझी गरज लागली की ते खाली येत नाहीत, फोन करत नाहीत. हातोडीने फरशीवर दोन ठोके मारतात. माझी बायको शांतपणे म्हणते, "जा, तुमचा फोन आलाय."

खरा फोन ते करू शकत नाहीत, कारण त्यांना फारसं ऐकू येत नाही. त्यालाही कारण हातोडीच. काका तांबट. जुन्या नाशकात एका गल्लीत त्यांचा तीन-चार जणांचा कारखाना आहे. बंब, घंगाळं, कळश्या. तांब्याच्या भांड्याला चहूबाजूंनी हातोडीचे ठोके देऊन त्याला घाट आणि चकाकी आणायची, याला ते मठारकाम म्हणतात. लहानपणापासून काकांनी तेच केलं. त्या खोलीत मी गेलो की माझे दात हलतात आणि बाहेर आल्यावर संध्याकाळपर्यंत बायकोचं बोलणं नीट ऐकू येत नाही. हा एक फायदा सोडला तर तिथे जाण्यासारखं काही नाही.

आता अशा गोंगाटात माणसं बोलणार कशी? ओरडून उपयोग नाही. खुणा कराव्यात तर दोन्ही हात भांड्यात अडकलेले. म्हणून ही मंडळी नुसत्या तोंडाने बोलतात. आवाज काढायचाच नाही. ओठ सावकाश, नीट हलवायचे आणि समोरच्याने बघून समजून घ्यायचं. चहा सांगणं, शिव्या देणं, गिऱ्हाइकाची टिंगल करणं, सगळं असंच. मी एकदा दारात उभा होतो. आत कुणी चकार शब्द बोललं नाही आणि चौघंही एकदम माझ्याकडे बघून हसले. अजून मला कुणी सांगितलेलं नाही की ते काय म्हणाले होते.

काकांना एकच मुलगी, निकिता. ती दोन वर्षांची असताना मोठा ताप आला आणि त्यात तिचं ऐकणं गेलं. गल्लीने हळहळ व्यक्त केली, नातेवाइकांनी नवस सुचवले. काकांनी तिला उचलून कारखान्यात नेलं आणि आपल्यासमोर फरशीवर बसवलं. जिथे कुणालाच काही ऐकू येत नाही तिथे ती कुणापेक्षा कमी नव्हती. बापाच्या ओठांवरून ती मराठी शिकली, पाढे शिकली, शिव्याही शिकली. पुढे मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत गेली, हातांची भाषा शिकली. आवाज तिला होता, पण बाहेर कुणीतरी त्या आवाजाला हसलं तेव्हापासून तो तिने घरापुरता ठेवला. ती शाळेत असतानाच काकी गेल्या. घरात मग तिघंच उरली, काका, निकिता आणि काकांची आई, चंद्रभागाआजी.

काका दिसायला साधा माणूस. डोक्यावर सदानकदा पांढरी टोपी, अंगात बंडी. मिजास एकाच गोष्टीची, मिशी. अशी दाट की घास तिच्यामागे नाहीसा व्हायचा आणि तो तोंडातच गेला असा आपण विश्वास ठेवायचा. तिला रोज खोबरेल तेल. न्हाव्याला हात लावू देत नसत. निकिता छोट्या कात्रीने ती कातरून द्यायची, तेवढंच. आयुष्यात एकदाच त्यांनी ती काढली होती, त्यांचे वडील गेले तेव्हा. निकिता तेव्हा पहिलीत असेल. बापाचं ते उघडंबोडकं तोंड बघून ती किंचाळली आणि आजीच्या पदराआड लपली. आजीने तिला खुणांनी समजावलं होतं की आईबाप गेले की माणूस मिशी काढतो.

तर ही निकिता दागिन्यांची डिझाइन कॉम्प्युटरवर काढायला शिकली आणि तिला नोकरी लागली ती थेट कोइम्बतूरला. काका तिला स्टेशनवर सोडून आले आणि माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "हर्षलभाऊ, आता मी तिच्याशी बोलू कसा?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला आणि मी मूर्खासारखा म्हणालो, "सोप्पंय काका, व्हिडिओ कॉल करू."

मोबाइलवर जमेना. ठोके मारून मारून काकांच्या हाताला कंप सुटलेला, त्यामुळे निकिताला बापाऐवजी पंखा दिसायचा. मेसेज लिहायचे तर काका चौथी शिकलेले. "जेवली का" एवढं लिहायला त्यांना चहा गार होईपर्यंत वेळ लागे. आजींना अक्षरओळख नाही, आणि तोंडात दात नसल्याने त्यांचे ओठ वाचणं निकितालाही कधी जमलं नाही. म्हणजे पोरीला घराशी जोडणारी गोष्ट एकच, बापाचं तोंड. म्हणून मी लॅबमधून काढून टाकलेला एक कॉम्प्युटर विकत घेऊन दिला, त्यावर वेबकॅमेरा लावला आणि माझ्या रविवारांचं वाटोळं करून घेतलं.

पहिल्या कॉलला निकिता स्वच्छ दिसली. तिच्याकडे ऑफिसचा चांगला लॅपटॉप. ती काय म्हणते ते काकांना लगेच कळलं. काका बोलले. ती डोळे बारीक करून पडद्याजवळ आली आणि म्हणाली, "पप्पा, तोंड दिसत नाही."

दिसणार कसं? काका खिडकीकडे पाठ करून बसले होते. मागून ऊन, पुढे अंधार, चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग आणि वर टोपी. मी म्हणालो, "काका, समोरच्या भिंतीला पाठ करून बसा." तर म्हणाले, "नाय, तिकडं देव हायेत. देवाकडं पाठ करून बसू का?" मी म्हणालो, मग देव हलवू. त्यावर आजींनी पलंगावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीला चादर लावली.

चादर लावली तर दुसरंच. काकांच्या मागे फळीवर त्यांच्या हातची भांडी, घासूनपुसून लखलखीत. कॅमेरा आपोआप उजेड कमीजास्त करतो. त्याने ती चकाकी बघितली, त्याला वाटलं खोलीत फार उजेड आहे, आणि त्याने काकांना आणखी काळं केलं. "भांडी काढा," मी म्हणालो. "का? पोरीला घर दिसू दे की," काका म्हणाले. पोरीला बाप दिसत नाही आणि यांना घर दाखवायचंय! अर्धा तास हुज्जत घालून भांड्यांवर मी आजींचं लुगडं पांघरलं. मग वायफायच्या डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंत वायर ओढली, म्हणजे आपल्याकडून जाणारं चित्र तुकड्या-तुकड्यांत जाऊ नये. ती वायर आजींच्या पायात आली. आजींनी तिला सापासारखं काठीने बाजूला सारलं आणि वायर तुटली.

हे सगळं मी सहन केलं. पण एके दिवशी ठोके पडले म्हणून वर गेलो, तर काका आनंदात. "भाऊ, कॅमेरा मळला होता, म्हणून धुरकट दिसत होतं. मी साफ केला." मी कॅमेरा हातात घेतला. त्याला आंबट वास येत होता.

"कशाने साफ केला?"

"चिंच आणि मिठानं. तांब्यासारखा लखलखीत घासला."

मी खाली बसलो. कॅमेऱ्याच्या काचेवर मिठाचे ओरखडे, फटीत चिंचेचा चोथा. आयुष्यभर ज्या माणसाने प्रत्येक चकाकणारी गोष्ट चिंचेने घासली तो आणखी काय करणार होता? पण हा विचार मला आज सुचतो आहे. त्या दिवशी मी एवढंच म्हणालो, "काका, हे काय घंगाळ आहे का?" आणि ते फार हिरमुसले.

या सगळ्या दिवसांत दर रविवारी निकिता पडद्यावर यायची, डोळे बारीक करायची. पाच वाक्यांतलं एखादं तिला कळायचं. बाकीच्यावर ती मान हलवायची. न कळताच मान हलवणं म्हणजे काय, ते बापाला कळतं. काका तिला विचारायचे, "खोली कशी आहे?" आणि ती म्हणायची, "हो, जेवले." काका हसायचे. कॉल संपला की बराच वेळ त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहायचे. हळूहळू कॉल आखूड होत गेले. एका रविवारी तिला मैत्रिणींबरोबर बाहेर जायचं होतं. एका रविवारी काम होतं. काका म्हणाले, "भाऊ, पोरगी माझ्याशी बोलायची बंद होईल."

मी हट्टाला पेटलो. चांगल्यातला नवा वेबकॅमेरा आणला. टेबलावर काकांची एक कळशी उपडी घातली, त्यावर तो ठेवला, म्हणजे बरोबर डोळ्यांसमोर येईल. पांढरा दिवा समोर लावला, त्यावर कागद चिकटवला, म्हणजे उजेड मऊ पडेल. दुसरी वायर ओढली, ती भिंतीवरून, आजींच्या काठीच्या टप्प्याबाहेर. कॉलच्या सेटिंगमध्ये शिरून चित्राचा दर्जा वरचा केला. मग निकिताला काय दिसेल ते बघायला मी खाली माझ्या घरात गेलो आणि मोबाइलवरून त्यांना कॉल लावला. खोटं सांगत नाही, इतकं सुंदर चित्र मी लॅबमध्येही बघितलं नव्हतं. टोपीची शिवण दिसत होती. मिशीचा केसन्‌केस मोजता आला असता. मी खालूनच ओरडलो, "आलं, काका, आलं!" अर्थात त्यांना ऐकू आलं नाही.

त्या रविवारी आम्ही तिघंही तयार होऊन बसलो. आजींनीसुद्धा लुगडं बदललं. निकिताला त्या दिवशीही काम होतं, ती ऑफिसातूनच कॉलवर आली, चित्र बघून हसली, अंगठा दाखवला. काका बोलायला लागले. ती बघत राहिली. तिने मान तिरकी केली, पुढे आली, मागे गेली. काकांनी पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश. तिच्या कपाळावर आठ्या आल्या. मग तिने डोळे मिटून घेतले. थकलेली दिसत होती. पडद्याच्या कोपऱ्यात तिने लिहिलेली अक्षरं आली. काकांनी ती बोट ठेवत, एकेक अक्षर लावत, मोठ्याने वाचली.

"पप्पा राहू द्या. कळत नाही. मी मेसेज करत जाईन."

कॉल बंद झाला. मला इतका राग आला की तो कॅमेरा उचलून गोदावरीत टाकावासा वाटला. स्वतःचा राग आला, त्या पोरीचाही आला. एवढं स्वच्छ चित्र, आणखी काय पाहिजे? मी वायर गुंडाळायला लागलो. काकांनी उठून भांड्यांवरचं लुगडं काढलं आणि घडी घालायला घेतली.

"आरं वाल्मीक," पलंगावरून आजी म्हणाल्या, "इतकं दिवस दिवं लावतुयास, भांडी झाकतुयास. ती मिशी कोण झाकंल?"

काकांना ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी पुन्हा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. निकिता गेल्यापासून कात्री लागली नव्हती. मिशी वरच्या ओठावरून उतरून खालच्या ओठापर्यंत आली होती. मी महिनोन्‌महिने खपून, दिवे लावून, वायरी ओढून जे काही स्वच्छ दाखवत होतो, ती होती मिशी.

मी काकांसमोर जाऊन सावकाश ओठ हलवून सांगितलं. म्हणालो, कातरू थोडी. काका टोपी नीट करत बसले. मग म्हणाले, "समोर असली की ती माझ्या गालावरून वाचते, गळ्यावरून वाचते. जवळ येऊन हनुवटीला हात लावून बघते. या डब्यात तिला नुसते ओठच हायेत. कातरून अर्धवट काय दाखवायचं? काढायची तर सगळीच." मग आईकडे वळून, एवढा मोठा माणूस, लहान आवाजात म्हणाला, "पण आई, तू हायेस की अजून."

आजी उठून बसल्या.

"मी गेल्यावर काढणारच हायेस ना? मंग मी असतानाच काढ. तुझा बाप गेला तवा काढलीस, पण तवा मी कुठं कुणाचं तोंड बघत व्हते? आता बघू दे मला, माझं पोर बिनमिशीचं कसं दिसतं ते. मेल्यावर मला काय दिसणार हाय?"

हे आजी काकांकडे तोंड करून, बोळक्या तोंडाने, ओरडून बोलल्या. काकांना किती कळलं कोण जाणे. पण ते मोरीत गेले.

न्हाव्याकडे गेले नाहीत, कारण मग संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली सांत्वनाला आली असती. माझाच रेझर मागवला. आधी कात्री, मग साबण. बाहेर आले तेव्हा मी पटकन दुसरीकडे पाहिलं. वरचा ओठ पांढराफटक, बाकीचा चेहरा तांब्याच्या भट्टीने रापलेला. कुणीतरी वेगळंच. आजींनी त्यांना जवळ बोलावलं, हनुवटी धरून तोंड इकडे-तिकडे वळवून पाहिलं आणि म्हणाल्या, "बापावर गेलाय मेला." मग मला म्हणाल्या, "लाव रं तो कॉल."

मी निकिताला मेसेज केला, एकदाच परत कॉलवर ये. ती आली. चेहऱ्यावर कंटाळा होता. मग तिने पडदा पाहिला.

चित्र अगदी स्वच्छ होतं. मीच ते तसं करून ठेवलं होतं. डोक्याला टोपी, आणि खाली उघडं तोंड. ती खुर्चीवरून उठली. तोंडावर हात गेला. आणि जो आवाज तिने कोइम्बतूरला कुणालाही ऐकवला नसेल त्या आवाजात, ऑफिसातल्या सगळ्या लोकांसमोर, ती ओरडली, "आजी? आजी कधी?"

काकांना कळेना ही का रडते. त्यांनी तिचे ओठ वाचले, "आजी कधी", आणि भोळेपणाने आईकडे बोट दाखवलं, पण आजी कॅमेऱ्याच्या बाहेर. ती आणखीच हुंदके द्यायला लागली. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. मी आजींना अक्षरशः उचललं, लुगड्यासकट, आणि काकांच्या शेजारी आणून बसवलं. स्वतःवर इतका चिडलो होतो की रडायलाच आलं.

"आगं जित्ती हाय मी!" आजी कॅमेऱ्यात तोंड खुपसून ओरडल्या. निकिताला त्यातलं काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण ते बोळकं तोंड तिला दिसलं, आणि आजींनी मुलाच्या उघड्या ओठाला काढलेला चिमटाही दिसला. निकिता रडता रडता खुर्चीत कोसळली आणि हसायला लागली. मागे तिच्या ऑफिसातलं कुणीतरी पाणी घेऊन धावत आलं, तिने त्याला हाताने बाजूला केलं.

मग काका बोलले. आवाज नाही. नुसते ओठ. पहिलं वाक्य बघता बघता तिचे डोळे थांबले. दुसऱ्याला तिने उत्तर दिलं. तिसऱ्याला ती मध्येच बोलली, काकांचं पुरं व्हायच्या आत. मग दोघंही एकदम. खोलीत काही आवाज नव्हता, पंख्याची घरघर सोडली तर. मी एवढं सगळं करून तिथे उभा, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. दोघं माझ्याकडे बघून हसले. परत तेच!

दोघांचं बोलणं संपेना तेव्हा आजी पलंगावर परत जाऊन बसल्या. कॉल संपल्यावर त्यांनी काकांच्या बंडीचं टोक ओढलं आणि त्यांना आपल्याकडे वळवलं.

"आरं, पण आता मी खरंच गेले की पोरीला कळंल कसं? काढायला मिशी कुठं ऱ्हायली?"

काकांनी आईचा हात हातात घेतला. पांढऱ्या ओठावर अजून साबण चिकटलेला होता.

"मी सांगेन ना तिला, आई," ते म्हणाले. "आता कळतं तिला माझं."